सासूबाईंची तारीख आणि तीन भावी राष्ट्राध्यक्ष

९ डिसेंबर, सोमवार
हरलो. देशात हरलो, जिल्ह्यात हरलो, माझ्या स्वतःच्या बूथवर हरलो. बूथवर आपल्या पार्टीच्या ढोल चिन्हाला एकोणचाळीस मतं. बूथ कमिटीचीच माणसं पंचेचाळीस. म्हणजे गद्दार सहा. नावं काढणार आणि एकेकाची हाडं मोडणार.

टीव्हीवर राजधानी आक्राहून विरोधी कंदीलवाल्यांचा नवा राष्ट्राध्यक्ष हसत होता. चप्पल फेकून मारली. स्क्रीन फुटला. सेरवा (बायको) म्हणाली, हा टीव्ही माझ्या आईने दिला होता. मी म्हणालो, देशापुढे टीव्ही काय चीज आहे. ती म्हणाली, मग देशावर फेकायची.

१० डिसेंबर
सकाळी कंदीलवाल्यांची पोरं कोयते घेऊन बाजारातल्या सार्वजनिक संडासावर आली. सत्ता गेली की संडास जातो, हे मान्य. आठ वर्षं तो चालवून पैसे आपण घेतले, त्याआधी त्यांनी. पण रीतसर मागावा की. मी पार्टीचा मतदारसंघ चेअरमन या नात्याने दारात उभा राहिलो. पहिला कोयता दिसल्यावर समोरच्या केंकीवालीच्या (मक्याचे आंबवलेले गोळे विकते) टपरीमागून सूत्रं हलवली. युवक आघाडीच्या न्टिमने एकाच्या डोक्यात बादली घातली आणि स्वतःच्या खांद्यावर वार घेतला. सात टाके. गावभर त्याचंच नाव. सूचना कोण देत होतं, हे कुणी विचारत नाही.

१४ डिसेंबर
कार्यकारिणीची बैठक. विषय: पराभवाची कारणं. न्टिम उठून म्हणाला, कारण पहिलं, चेअरमन. दुसऱ्या कारणापर्यंत बैठक पोचली नाही. मी प्लास्टिकची खुर्ची उचलली, त्याने टेबल उचललं, टाके असताना. सेक्रेटरीबाईंनी मिनिट्समध्ये ‘सविस्तर चर्चा झाली’ असं लिहिलं आणि मग त्यांचा चष्मा माझ्या खुर्चीखाली आला. नाक फुटलं. माझं. पण न्टिमची मूठही सुजली असणार. बरोबरी धरायला हरकत नाही.

चार वर्षांनी जिंकायचं तर उमेदवार दणदणीत हवा. मे महिन्यात डेलिगेट मतं देऊन राष्ट्राध्यक्षपदाचा नवा उमेदवार ठरवणार. आमच्या मतदारसंघाचे डेलिगेट सहाशे. सहाशेही माझ्या शब्दावर. न्टिम म्हणतो, सहा.

१६ डिसेंबर
इच्छुकांचा अभ्यास केला. सध्या तीन नावं चालतात.

डॉक्टर. माजी मंत्री. बोलायला लागला की सभा झोपते, त्यामुळे विरोध होत नाही.

ठेकेदार. रस्ते बांधतो. रस्ते एका पावसात जातात, तो मात्र टिकून आहे. सोबत चाळीस पैलवान. नेतृत्वगुण.

मॅडम. प्रामाणिक. कठीण आहे.

तिघांना फोन लावले. तिघांच्या पीएंनी विचारलं, कोण बोलतंय. मी म्हणालो, ज्याच्या हातात तुमच्या साहेबांचं भवितव्य आहे तो. तिन्ही वेळा लाइन कटली. नेटवर्कचे वांधे.

२१ डिसेंबर
सासूबाई गेल्या. पहाटे, झोपेत. सेरवा चूल पेटवायला बसली होती, बातमी ऐकून तिथेच बसून राहिली, काडी हातात. मलाही रडू आलं. सगळं घराणं नको म्हणत असताना याच बाईने मला मुलगी दिली होती. म्हणाल्या होत्या, पोरगा मूर्ख आहे, वाईट नाही. (पहिला भाग प्रेमाने.)

प्रेत शवागारात ठेवलं; मोठी मयत आमच्यात महिना-दीड महिन्याने, तयारी करून. परत येताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोठी मयत म्हणजे हजार माणसं, मांडव, माइक. आणि मयतीला नाही म्हणणारा पुढारी या देशात जन्मलेला नाही.

२८ डिसेंबर
आठव्या दिवसाची बैठक. बाफुओर मामा, म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, घराण्याचे प्रमुख. आमच्यात प्रेत आईच्या घराण्याचं, तारीख मामांची, जावयाचं काम मान डोलवायचं आणि पेटीत घालायचं कापड आणायचं. मामा म्हणाले, १ फेब्रुवारी. मी उभा राहिलो. म्हणालो, मामा, पंधरा दिवस थांबा, देशाचे तीन भावी राष्ट्राध्यक्ष बहिणीच्या पायाशी आणून उभे करतो. मामांना फोटो आवडतात. १५ फेब्रुवारी ठरली.

सेरवाचा भाऊ दान्सो टिपर चालवतो. दंड माझ्या मांडीएवढे. तो म्हणाला, दाजी, आमची आई तुमचं पोस्टर नाही. मी म्हणालो, पोस्टरची कल्पना उत्तम आहे. त्याने मला गळ्याला धरून भिंतीवर टांगलं. पाय जमिनीला लागत नव्हते. मामांनी सांगितल्यावर खाली ठेवलं, पण सांगायला मामांनी वेळ घेतला.

१ जानेवारी
संकल्प: यंदा कुणावर हात उचलायचा नाही. न्टिम अपवाद. दान्सोवर तर नाहीच, त्याच्यापर्यंत हात पोचत नाही.

११ जानेवारी
न्टिमला मारलं. पार्टी ऑफिसच्या पायरीवर, पाठमोरा असताना. वळल्यावर त्याने मला मारलं. डावीकडची एक दाढ गेली. नाहीतरी किडली होती. डेंटिस्ट टळला.

९ फेब्रुवारी
डॉक्टरच्या पीएचा फोन. (आता नंबर सेव्ह आहे त्यांच्याकडे!) १५ तारखेला डॉक्टर लंडनला. ८ मार्च चालेल. मामांना गाठून तारीख हलवली.

संध्याकाळी फुफूसाठी उकडलेला कसावा कुटताना सेरवाला सांगितलं. ती मुसळ मारत होती, मी उखळात गोळा उलटत होतो. मुसळ माझ्या बोटांवर आलं. चुकून. दोनदा. मग म्हणाली, माझी आई फ्रिजमध्ये आहे. मी म्हणालो, सुरक्षित आहे. ती उठून गेली. गोळा मीच कुटला, एका हाताने.

२ मार्च
मॅडमना ८ तारीख जमत नाही. त्यांना २९ मार्च हवी. तिघं एकत्र आले नाहीत तर सहाशे डेलिगेटांना माझं वजन कळणार कसं? तारीख हलवली. शेवटची, असं मामांनी पितरांना दारू वाहून सांगितलं.

दान्सो लोखंडी पहार घेऊन आला आणि माझ्या पिकअपची काच फोडली. मग दुसरी फोडली. मग दिवे. शांतपणे, एकेक करून. मी खिडकीतून त्याला समजावत होतो.

सेरवा म्हणाली, आता तारीख हलली किंवा आईची विटंबना झाली तर मी तुला मारीन. दुःखात माणूस काहीही बोलतो.

२७ मार्च
सगळं पक्कं. डॉक्टर नऊला, ठेकेदार अकराला, मॅडम एकला. तिघांनाही कळवलंय की प्रमुख पाहुणे तुम्ही एकटेच. हेच राजकारण. माती खरं तर सकाळी आठला द्यायची, पण मग पाहुणे फोटो कशासोबत काढणार? एकपर्यंत सासूबाईंना मांडवात पलंगावरच ठेवायचं. सेरवाला अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगेन.

२८ मार्च
उद्या सांगेन.

२९ मार्च, सकाळ ६:३०
माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. (आणि सासूबाईंचा.) मांडव भरतोय. लाल-काळ्या सुतकी कपड्यांत माणसंच माणसं. सासूबाईंना सोन्याने मढवलंय, मानाचं केंटे वस्त्र नेसवलंय. सेरवा पलंगाशी बसलीये, आईचा हात धरून. म्हणाली, किती गार पडलीये. मला गलबलून आलं. पण रडलो तर फोटोत डोळे सुजलेले येतील.

३० मार्च, जिल्ह्याचं हॉस्पिटल
जबडा दोन ठिकाणी मोडला. तारांनी बांधलाय. बोलता येत नाही, लिहिता येतं. इतिहासासाठी नोंद करतो.

आठ वाजले तरी प्रेत हलेना, म्हणून सेरवा, मामा, दान्सो तिघंही माझ्याकडे बघत होते. मी मांडवाच्या मागे गेलो. नऊचा डॉक्टर दहाला आला. अकराचा ठेकेदारही दहाला आला, कारण नऊचं त्याला कळलं होतं. (न्टिम!) दोन ताफे, दोन बँड, दोघांचे मिळून ऐंशी पैलवान, मांडवाचं दार एक.

मांडवात आलेला पाहुणा बसलेल्यांच्या रांगेशी उजव्या टोकापासून हात मिळवत येतो, उलटा आला तर अपमान, हे शेंबड्या पोरालाही कळतं. डॉक्टर तसा निघाला. ठेकेदार म्हणाला, मी त्याच्या मागे चालणार नाही. आता सेकंदात निर्णय घेणं हेच नेतृत्व. मी ठेकेदाराला डाव्या टोकापासून सोडला.

पहिल्याच म्हातारीने हात मागे घेतला. दुसरी ओरडली, हे आमच्या मड्याला शिव्या द्यायला आलेत. तोवर ठेकेदार रेटत मध्यापर्यंत आला होता. समोरून डॉक्टर. मध्ये बाफुओर मामा, हात पुढे करून, कुणाचा धरू म्हणून. मामांच्या मागे पलंग. डॉक्टर म्हणाला, बाजूला हो. ठेकेदार म्हणाला, तूच आम्हाला हरवलंस, तू हो. डॉक्टर झोपाळू बोलतो, पण ठोसा चांगला मारतो.

मग खुर्च्या. मग मांडवाचे खांब. ऐंशीच्या ऐंशी भिडले. ढोलकऱ्याच्या डोक्यात ढोल फुटला. मामांचा दंड मोडला. कुणाचा तरी कान माझ्या पायाशी पडला होता, अर्धाच. मी माइक धरून ‘पार्टी एक आहे’ असं सांगत होतो. तेवढ्यात दोन पैलवान एकमेकांच्या नरड्याला धरून पलंगावर आदळले. पलंग कलला. सासूबाई घसरल्या. दान्सोने त्यांना जमिनीला लागण्याआधी दोन्ही हातांवर झेललं आणि उभा राहिला, आईला छातीशी धरून. सगळे थांबले. मी ठेकेदाराच्या फोटोग्राफरला म्हणालो, आता काढ.

त्यानंतर माझ्या जबड्यावर काहीतरी बसलं. पुढचं आठवत नाही. हा राजकीय हल्ला आहे.

३१ मार्च
पोलिसांना लेखी जबाब दिला: पाच-सहा अज्ञात गुंड, पूर्वनियोजित कट, न्टिमची चौकशी व्हावी. विचार केला तर हे बरंच झालं. रक्त सांडलेल्या चेअरमनला कोण नाकारेल? रेडिओवर नाव येईल. तिघंही भेटायला येतील. मॅडम तर येतीलच, त्या परवाच येणार होत्या.

२ एप्रिल
रेडिओ लावला. डॉक्टर, ठेकेदार आणि मॅडम आक्राला एका स्टेजवर हातात हात घालून उभे. पार्टी एक आहे म्हणाले. गोंधळाला एक स्थानिक इसम जबाबदार, त्याला निलंबित केलंय. नाव घेतलं नाही. न्टिम हंगामी चेअरमन.

नाव घेतलं नाही म्हणजे भीती आहे. जबाब पक्का ठेवायचा.

४ एप्रिल
भेटीच्या वेळेला सार्जंट आला. सोबत सेरवा. वाटलं, सूप आणलं असेल.

सार्जंट म्हणाला, बाई स्वतः ठाण्यात आल्या. म्हणतात, पाच-सहा गुंड नव्हते, मी एकटी होते. लाकडी स्टूल होतं. पूर्ण नाव लिहून घ्या म्हणाल्या, आईच्या नावासकट.

मी वहीत लिहून विचारलं, आईचं काय झालं.

सेरवा म्हणाली, त्याच दुपारी माती दिली. पोलिसांनी सोडलेला अश्रुधूर विरला नव्हता, सगळे डोळे चोळत होते. मामा मोडका दंड घेऊन आले. खांदेकरी एक कमी पडला, तर न्टिम आला, कुणी बोलावलं नव्हतं. तुझे राष्ट्राध्यक्ष एकही नव्हते. जावयाने पेटीत घालायचं असतं ते कापड आम्ही शोधलं, सापडलं नाही. आणलं होतंस का?

मी लिहिलं, नाही. आणायचंच राहिलं.

ती म्हणाली, दान्सोने अंगातला शर्ट काढून घातला. मग म्हणाली, मी मामांकडे राहते, तिकडे येऊ नकोस. सूप आणलं नव्हतं.

सार्जंटने विचारलं, तक्रार ठेवायची का, चेअरमन? मी मान हलवली, नाही. मान हलवली की जबडा फार दुखतो.