चंदेरी रंगाचे आठ दिवस

तीर्थरूप मामांना,

भांडून गेलेल्या भाच्याचा वाकून नमस्कार. (कंबर आज खरोखरच वाकलेली आहे, कारण पुढे येईलच.) गुडघा कसा आहे? जिना चढता, की अजून खालूनच मामीला हाका मारता? परवा मामीचा फोन आला होता. गेल्या महिन्यात तुमच्या गॅरेजात तीन गाड्यांच्या थंड यंत्रांच्या बॅटऱ्या एकापाठोपाठ बसल्या, नव्या घातल्या त्याही बसल्या, आणि तुम्ही बॅटरीवाल्यांच्या दुकानात जाऊन त्यांना नाही नाही ते बोललात, असं कळलं. वीस वर्षांची दोस्ती, आणि आता रस्त्यात भेटलात तरी तोंडं फिरवता म्हणे. वाईट वाटलं. असो.

इकडे मी ठीक आहे, म्हणजे काल दुपारपर्यंत नव्हतो. आइस्क्रीमवाले हे माझ्या इथल्या नव्या गॅरेजचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. काल सकाळी त्यांचा ट्रक दारात आला तो पेटी गच्च भरलेली आणि केबिनवरच्या थंड करायच्या यंत्राची बॅटरी मेलेली. ट्रकचं इंजिन वेगळं, यंत्राचं इंजिन वेगळं, त्याची बॅटरी वेगळी आणि ती भरणारा अल्टरनेटरही वेगळा, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "माल वितळला तर गाडी पुन्हा तुमच्या दारात दिसणार नाही." मुद्दा त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजला होता.

आधी पट्टा, मग तारा, मग मीटर, आणि अल्टरनेटरला हात सगळ्यात शेवटी, हा तुमचा मंत्र मी मनात म्हटला आणि बरोबर उलटा पाळला. नवी बॅटरी घातली, ती तासाभरात बसली. मग अल्टरनेटर गेला असं छातीठोक जाहीर करून तो उतरवला. (तेव्हाच कंबर लचकली.) नवा चढवला. यंत्र चालू असताना बॅटरीवर चौदा व्होल्ट दिसायला हवेत, दिसले सव्वाबारा. म्हणजे नवाही खराब! जुन्यासकट तो घेऊन मी तावातावाने दुकानात गेलो. दुकानदाराने नवा टेबलावर फिरवून दाखवला, ठणठणीत. मग शांतपणे जुनाही फिरवून दाखवला, तोही ठणठणीत. दोन काखांत दोन ठणठणीत अल्टरनेटर घेऊन मी परत आलो.

तोवर आइस्क्रीमवाले दर दहा मिनिटांनी पेटीचं दार उघडून एका डब्यात बोट टेकवून बघत होते. आधी बोट नुसतं टेकत होतं, आता ते रुतायला लागलं होतं. "तुमच्या मामांना विचारू का?" ते म्हणाले. मी म्हटलं, "मामांना यातलं निम्मं मीच शिकवलंय." (जीभ झडली नाही, याचं मलाच नवल वाटलं.)

शेवटी जुनाच परत चढवला, यंत्र चालू केलं आणि तुमचं जुनं मीटर पुन्हा काढलं. (होय, ते मीच नेलं. तुम्ही उगाच बिचाऱ्या पेंटरवर संशय घेतलात.) एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. दिसायला हवं होतं शून्याच्या आसपास, दिसले जवळजवळ दोन व्होल्ट. म्हणजे वीज तयार होत होती, पण तिची परतीची वाट अडली होती. अर्थिंगच्या तारेचा बोल्ट खोलला, तर तारेखाली जाड, गुळगुळीत, देखणा चंदेरी रंग. माझाच! यंत्र उठून दिसावं म्हणून मागच्या सर्व्हिसिंगला मीच सगळा सांगाडा रंगवला होता आणि तार त्या रंगावरच आवळली होती. रंगातून वीज जात नाही; सुरुवातीला बोल्टच्या आट्यांतून ती कशीबशी जात राहिली, मग तिथेही गंज धरला. पॉलिश पेपरने दोन मिनिटं खरवडलं आणि मीटरवर चौदा पूर्णांक एक आले. तासाभराने बोट रुतायचं थांबलं.

याच कारणासाठी तुम्ही मला गिऱ्हाइकांसमोर रंग खरवडायला लावला होता, आणि "तुम्हाला काही देखणं बघवतच नाही" म्हणून मी तरातरा निघून आलो होतो. इथे आल्यावर पहिली खरेदी केली ती चंदेरी रंगाच्या मोठ्या डब्याची, तीही निव्वळ तुमच्यावरच्या रागाने. मामा, काल त्या बोल्टसमोर मला फार लाज वाटली. मामीला नमस्कार सांगा.

तुमचा (अजून असलो तर) भाचा

ता. क. १ : आइस्क्रीमवाल्यांनी बोटाने तपासलेला डबा मला भेट दिला. बरा होता.

ता. क. २ : तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी गॅरेज आठ दिवस माझ्यावर होतं. परत आल्यावर यंत्र रंगवलेली एकच गाडी तुमच्या नजरेला पडली. मी सहा रंगवल्या होत्या. त्यातल्या तीन कोणत्या, हे बॅटऱ्यांवरून एव्हाना ध्यानात आलं असेल. उरलेल्या दोन, मासळीवाल्यांची आणि फुलवाल्यांची, अजून यायच्या आहेत. कृपा करून त्यांना बॅटरी घालू नका.

ता. क. ३ : रविवारी आधी बॅटरीवाल्यांकडे जाऊन खरं काय ते सांगतो आणि ते देतील त्या शिव्या खातो. मग पॉलिश पेपर घेऊन तुमच्याकडे येतो. पाचही गाड्या बोलवून घ्या, गिऱ्हाइकांसमोर खरवडीन. तुम्ही खुर्ची टाकून, पाय लांब करून बसा आणि चुका काढा. येऊ ना? नाही म्हणालात तर मीटर विसरा.