लाल इंजिन की काळं?

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी गवत कापायच्या एका यंत्राखाली आडवा झालो होतो. हात बरबटलेले, म्हणून तुझ्या भावजयीनेच पाकीट फोडलं आणि तिथेच उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. दीड पान इंजिनांबद्दल, आणि शेवटी चार ओळी. कॉलेजवाले तुला बागेच्या यंत्रांची सगळी शेड सांभाळायला देतायत, सोमवारपर्यंत उत्तर मागितलंय आणि तू नाही म्हणणार आहेस. त्या चार ओळी हिने दोनदा वाचल्या. मला यंत्राखालून बाहेर यायला जरा जास्तच वेळ लागला. तर पहिली विनंती ही, की पत्र शेवटपर्यंत वाच आणि तोवर तिकडे कोणाला काही कळवू नकोस. लांबलचक झालंय, माझा नाइलाज आहे. चहा घेऊन बस.

फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं वाक्य अर्धं झालं की तू जाऊ दे रे म्हणतेस, आणि खरं सांगायचं तर तू तसं म्हणावंस याची मी वाटच बघत असतो. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. बाकी आम्ही मजेत आहोत. बाबांचा डावा कान आता पूर्ण गेलाय, उजवा त्यांच्या मर्जीवर चालतो. रोज सकाळी खुर्ची टाकून दुकानाच्या दारात बसतात आणि डब्यातले स्क्रू आकाराप्रमाणे लावतात. मी ते पुन्हा एकत्र करतो, म्हणजे त्यांना उद्याला काम राहतं. हे त्यांना कळतं असा मला दाट संशय आहे. आणि मी स्वतः म्हणशील, तर कालपासून इतका हलका झालोय की काम करताना शीळ घालतोय. बाबांना तेवढी मात्र बरोबर ऐकू येते आणि ते वैतागतात.

आता तू कॉलेजच्या स्टोअरच्या खरेदीसाठी विचारलेला प्रश्न. एक छोटा ट्रॅक्टर, चार गवताची यंत्रं, सगळ्यांची इंजिनं बदलायची, तर कुठलं घ्यावं. कंपन्यांची नावं तुला मला ठाऊक आहेत, पण आपल्या घरात ती कोणी कधी उच्चारली नाहीत. बाबांनी झाकणाच्या रंगावरून निळं, लाल, काळं अशी ओळख लावून दिली तीच आपली. तर निळ्याच्या नादी लागू नकोस. दिसायला देखणं, वजनाला हलकं, दोरीच्या पहिल्या ओढीला सुरू होतं, म्हणून साहेब लोक त्याच्यावर भाळतात. पण त्याच्या सिलिंडरला आतून लोखंडी नळी नसते. चार मोसम झाले की निळा धूर काढायला लागतं आणि मग तुला दर महिन्याला माझी आठवण येईल. एखाद्या बंगल्यापुढच्या गवताला ठीक आहे. तुमच्या कॉलेजची तीन मैदानं म्हणजे त्याचं काम नव्हे.

लाल म्हणजे माझं लाडकं, तुला माहीतच आहे. त्याच्याबद्दल मी काय बोलणार? दोन सिलिंडरचं लाल इंजिन ट्रॅक्टरला बसवलं की चढावर सुद्धा आवाज बदलत नाही. सुटे भाग कुठेही मिळतात, उघडायला सोपं, बोल्ट कधी अडून बसत नाहीत. पण त्याला खोड आहे आणि ती मी तुझ्यापाशी तेव्हा कबूल करायचो नाही. कार्ब्युरेटर फार नाजूक. मोसम संपल्यावर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, तर आतल्या बारीक भोकांत चिकट थर धरतो आणि पुढच्या मोसमात दोरी ओढून ओढून माणसाचा खांदा निखळायची वेळ येते. तू तेव्हा हेच सांगायचीस आणि मी म्हणायचो, खोड यंत्राची नाही, माणसांच्या आळसाची आहे. दोन्ही खरं आहे. पण आळस माणसांत असणारच, तो धरूनच इंजिन निवडायला हवं, हे तुझं म्हणणं आज मला पटतं.

राहिलं काळं. गेली अकरा वर्षं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलोय, की काळं घेऊ नका, त्याचा आतला रॉड कच्चा असतो, तापलं की तुटतो. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता गिऱ्हाईकं ते मलाच परत सांगतात. गेल्या महिन्यात इस्पितळाच्या बागेचे माळीकाका आले. हे एकटे असे, की ज्यांनी माझं कधीच ऐकलं नाही. त्यांच्या यंत्रावर काळं इंजिन, चौदा वर्षांचं, तू बसवून दिलेलं. आवाज थोडा बदललाय, बघा म्हणाले. मी मनात म्हटलं, आता सापडलं. सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, उघडलं आणि बघतच राहिलो. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात मारलेल्या बारीक तिरप्या रेषा अजून दिसत होत्या, म्हणजे झीज जवळजवळ नाहीच. चौदा वर्षं, रोज चार तास! एका व्हॉल्व्हची फट तेवढी वाढली होती, ती अर्ध्या तासात सारखी करून दिली. माळीकाकांनी विचारलं, रॉड कसा आहे? मी म्हटलं, छान आहे. ते नुसते हसले, आणि मला कानफटात बसल्यासारखं झालं.

तेव्हा हिशेब करून सांगायचं तर ट्रॅक्टरला काळं, दोन मोठ्या यंत्रांना काळं आणि दोन छोट्यांना लाल. काळं जड आहे, खोकल्याशिवाय सुरू होत नाही, पहिल्या दोन दोऱ्या त्याच्या मानपानाच्या. पण एकदा लागलं की विसरून जावं. हे माझ्या हातचं लिहिलेलं जपून ठेव, कारण तोंडाने म्हणायला मला अजून थोडा सराव लागेल.

आता ते अकरा वर्षांपूर्वीचं. तू तुझ्या पत्रात लिहिलंयस, “माझ्या हातून काय झालं ते तुला माहीत आहे, तू तेव्हा मला सांभाळून घेतलंस, ते मी जन्मभर विसरणार नाही, पण दुसऱ्यांची यंत्रं हातात घ्यायची माझी लायकी नाही.” ही ओळ हिने वाचली, आणि दोनदा वाचली, म्हणून मी बाहेर येत नव्हतो. ताई, तो दिवस मला तारखेसकट आठवतो. क्रीडासंकुलाच्या ट्रॅक्टरचं इंजिन गेलं होतं आणि आपण आठवडाभर भांडत होतो. मी लाल म्हणत होतो, तू काळं. व्यवस्थापकांनी तुझं ऐकलं आणि मी दोन दिवस तुझ्याशी धड बोललो नव्हतो. मग एकाच सकाळी दोन खोकी आली, एकात मैदानासाठी काळं आणि दुसऱ्यात फळबागवाल्यांसाठी लाल. नवीन इंजिन कोरडं येतं, कारखान्यातून त्यात ऑइल घालत नाहीत, आणि ते बजावणारी चिठ्ठी ऑइल मोजायच्या पट्टीला बांधलेली असते. बाबांचा नियम तुला मी काय सांगू? ऑइल घालेल त्यानेच ती चिठ्ठी सोडायची आणि दारामागच्या खिळ्याला लावायची. चिठ्ठी खिळ्याला म्हणजे ऑइल आत. मग पट्टी ओढून कोणी बघायचं नाही, कारण बाबांच्या मते तो दुसऱ्याचा अपमान होता.

तू लालमध्ये ऑइल घातलंस आणि आईला औषध द्यायला वर गेलीस. खाली आलीस तेव्हा खिळ्याला दोन चिठ्ठ्या होत्या; रुसलेला मी काळ्याच्या वाटेला जाणार नाही, म्हणजे दोन्ही आपणच लावल्या असं तू धरून चाललीस. तू काळं इंजिन गाडीत चढवलंस, मैदानावर नेलंस, ट्रॅक्टरला बसवलंस. मी मागून सायकलवर आलो, हात खिशात घालून उभा राहिलो, कारण मला ते नीट चालावं असं मनापासून वाटत नव्हतं. व्यवस्थापक, चार माळी, कबड्डीचा अख्खा संघ, सगळे बघत होते. तिसऱ्या दोरीला सुरू झालं. तू माझ्याकडे बघून अशी हसलीस की मला हार मानावी लागली. सात-आठ मिनिटं झाली, ट्रॅक्टर मैदानाच्या मध्यावर गेला आणि आतून किंचाळल्यासारखा आवाज येऊन जागीच जाम झाला. नंतर दुकानात आपण दोघांनीच ते उघडलं. आत ऑइलचा थेंब नव्हता. तू खाली बसलीस आणि म्हणालीस, मीच विसरले, एकात घातलं आणि चिठ्ठ्या दोन्ही काढल्या. मी काही बोललो नाही. मग बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, की इंजिनच कच्चं होतं, कंपनीचा दोष. तू माझा हात धरून रडलीस. तीन महिन्यांनी तू ते कॉलेजच्या स्टोअरमधलं काम धरलंस, वह्या आणि खडू मोजायचं. त्यानंतर तू पान्याला हात लावला नाहीस हे मला पत्रांतून कळत होतं. दर पत्रात तू माझे आभार मानत होतीस.

ताई, ती दुसरी चिठ्ठी मी काढली होती. तू वर गेलीस तेव्हा मी काळ्याच्या खोक्यापाशी गेलो, कारण चिठ्ठीच्या मागच्या बाजूला इंजिनाची ताकद छापलेली असते आणि लाल त्याच्याहून वरचढ आहे हे मला तुझ्या तोंडावर वाचून दाखवायचं होतं. आकडा बघितला तर काळंच वरचढ निघालं. मी चडफडलो आणि चिठ्ठी सवयीने खिळ्याला लावून निघून गेलो. इतकंच. इंजिन कोरडं निघालं त्या क्षणी मला सगळं उमगलं होतं, तू बोलायच्या आधीच. मी गप्प राहिलो, मग उद्या सांगू म्हटलं, मग तू आभार मानलेस, आणि आभार मानल्यावर सांगायचं कसं? मी तुला सांभाळून घेतलं नाही, ताई. मी स्वतःला सांभाळलं आणि वर तुझ्याकडून त्याचं कौतुक घेतलं. काळ्याला अकरा वर्षं शिव्या घातल्या त्या एवढ्यासाठीच, की ते चांगलं ठरलं असतं तर ऑइल कोणी घातलं नाही हा प्रश्न निघाला असता. हिला परवा सांगितलं, ती कागद-पेन घेऊन आली आणि म्हणाली, वन्संना आजच्या आज लिहा. काल बाबांना सांगितलं, त्यांच्या उजव्या कानात. त्यांनी स्क्रूचा डबा बाजूला ठेवला. म्हणाले, इतकी वर्षं मला वाटत होतं पोरगी विसरली असेल, म्हणून मी तिला कधी विचारलं नाही. मग त्यांनी विचारलं, तिला सांगितलंस? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग मला काय सांगत बसलायस? म्हणून हे पत्र. तुझ्या हातांचा काही दोष नव्हता, तेव्हाही आणि आजही. तू ऑइल कधीच विसरली नाहीस. हे लिहून झालं आणि मला खरोखर मोकळा श्वास आला, तुझा राग अजून यायचा आहे तरी. तो येऊ दे. चिड, भांड, महिनाभर बोलू नकोस, यावेळी मी मध्ये जाऊ दे म्हणणार नाही. फक्त त्याआधी कॉलेजात जा आणि हो म्हणून ये.

तुझाच,
धाकटा