ढिगाऱ्यावरची पांढरी फुलं

१३ सप्टेंबर १९५३

कितीतरी वर्षांपूर्वीची बंगल्याची पायरी. हे बूट काढत होते, चहा निवत होता. रानातलं एक पान चुरगाळून मी यांच्या नाकाशी धरलं.

"ओळखा!"

"गाजर?"

"त्याच घराण्यातली आहे."

"पांढरी, सडपातळ — तुझी बहीण दिसते. म्हणजे माझी साळी! नाव काय साळीचं?"

कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, या कुळात फूल फसवतं, फळ पाहिल्याशिवाय नाव घेऊ नका. तेच यांना सांगितलं. "कार्तिकात फळ आणून देतो," म्हणाले. आणि त्याच कार्तिकात यांना वाघानं नेलं. नाल्याजवळ एक बूट सापडला, बाकी काहीच नाही.

आज ते फूल चिकटवलेला जुना कागद हाती आला. वाळलेलं फूल जागच्या जागी. खाली नावाची ओळ कोरी.

गोंदियाचे डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, जपा. म्हणजे ही ओळ याच वर्षी भरायला हवी.

१९ सप्टेंबर

दुधरामला घेऊन नागझिऱ्याच्या वाटेनं गेले. जंगलखात्यात यांच्या हाताखाली गार्ड होता तो, आता त्याचेही केस पिकले. बूट सापडला तिथं डहाळ्यांचा ढीग. वाघानं माणूस नेलेल्या जागेवरून जाणारा प्रत्येकजण एक डहाळी टाकतो. दुधरामनंही टाकली.

"बाई, तुमी काऊन टाकत नाही जी? इतके वर्स झाले!"

काय सांगू? टाकली की हे गेले हे मी मान्य केलं, असं होतं.

आणि ढिगाऱ्यातूनच ती उगवलीय! एका देठातून फुटलेल्या बारीक काड्या, वर पांढरे तुरे — उघडलेल्या छत्र्याच. पान चुरगाळलं. तोच वास.

२ ऑक्टोबर

सगळे तुरे गेले! आता फळ कसं धरणार?

"हरणानं खाल्लं असंन," दुधराम.

हरीण नाही. प्रत्येक देठ बोटभर राखून खुडलाय. हे असंच खुडायचे.

३ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात गाजराचा वास. स्वयंपाकाची मंदाबाई हसली. "गाजरं आता कुठून येतीन बाई? तुमचं नाक म्हातारं झालं!"

यांचा तो एक बूट ठेवलाय, त्या फळीपाशी वास जास्त आहे.

२६ ऑक्टोबर

दुधराम सकाळीच आला. टोपी हातात, आत येईना.

"तिथं दुसरा ढीग होऊन राहिला, बाई. साहेबाच्या ढिगाले लागून."

"कोण गेलं?"

"कोनीच नाही जी! गावोगाव इचारलं. कोन टाकते, तेबी कोनाले मालूम नाही."

मंदाबाई म्हणाली, "आता तिकडं जायचंच नाही, सांगून ठेवते!" आणि माझी काठी लपवली. वेडी!

८ नोव्हेंबर

गेलेच. बंबाच्या लाकडातून काठी ओढून घेतली. वाटेत चारदा बसावं लागलं. दुधराम नाल्याअलीकडेच थांबला. पुढे येईना.

नवा ढीग लहान आहे. डहाळ्या ओल्या, आत्ताच मोडलेल्या. सगळ्यात वर एक जुडी — माझीच फुलं, पण फळांवर आलेली! तपकिरी नाडीनं बांधलेली. बुटाची नाडी.

घरी येऊन आधी फळीवरचा बूट पाहिला. त्याची नाडी त्यालाच आहे.

मग भिंग घेतलं. फळ चपटं नाही. गोलसर, अंगावर बारीक लव. पिंपिनेला! कोऱ्या ओळीत नाव लिहिलं.

आणखी एक. तिथून निघताना यांच्या ढिगाऱ्यावर डहाळी टाकली. पहिली.

९ नोव्हेंबर

कागद नागपूरला सिस्टरांकडे पाठवावा. नव्या कोणी असतील, तरी चालेल. भिंग मंदाबाईच्या नातीला, शेवंताला, तिला मुंग्या बघायला आवडतात. दोन्ही शाली आणि पितळी डबे मंदाबाईला — रडायचं नाही. यांची छत्री दुधरामला. बूट कोणाला देऊ नये, मी सोबत नेते आहे.

आणि दुधराम, नवा ढीग कोणाचा म्हणून आता गावोगाव विचारू नकोस. जाता-येता दोन्हीवर एकेक डहाळी टाक.