चिंचोक्याएवढं हाड

नाकाडोंगरी, १७ मे १९७९, गुरुवार

पोचले एकदाची. तुमसरपर्यंत रेल्वे, पुढे बस आणि स्टँडपासून घरमालक ताराचंदांची बैलगाडी. उजवा पाय तांदळाच्या पोत्यावर ठेवून, वरमाईसारखी मिरवत गावात शिरले. पोरंटोरं धावत आली. मी मास्तरीण असल्याचं कळल्यावर निम्मी पळाली, तेव्हा गाव शहाणं दिसतं.

घर दोन खोल्यांचं. वर कवेलू, खाली मातीची जमीन, मागे बोडी. इकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात. खिडकीतून तिचं पाणी दिसतं आणि पलीकडे शाळेचं पांढरं छप्पर. नवी बदली, नवं गाव आणि नवा पाय, तिन्ही एकदम आलं. मी खूश आहे, हे आज लिहून ठेवते.

पायाची हकीकत अशी. अंगठ्याच्या मुळाशी हाड पंधरा वर्षं बाहेर येत होतं. नागपूरचे डॉक्टर त्याला बनियन म्हणाले तेव्हा मला दोरीवर वाळणारे गंजीफ्रॉकच आठवले. शेवटी शेवटी तर कुठली चप्पल पायात जाईना, आणि फळ्यापुढे उभं राहिलं की डोळ्यांत पाणी यायचं. आठ तारखेला ते हाड कापून अंगठा सरळ केला. आता गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर आहे, टोकाला पाच नखं तेवढी बाहेर दिसतात. वीस जूनला प्लास्टर निघेल. सव्वीसला शाळा उघडते, त्या दिवशी मला रुजू व्हायचं आहे. हेडमास्तर मधुकररावांनी पत्रात स्वच्छ लिहिलंय की त्या दिवशी हजर नसले तर विज्ञानाची जागा दुसऱ्याला जाईल. मग माझ्यासाठी गोंदियात भावाची ओसरी आहे, तिथली खाट आहे आणि वहिनीचे सुस्कारे आहेत. त्यापेक्षा मेलेली बरी.

१८ मे, शुक्रवार

ताराचंदांनी कामाला रंभाबाई लावून दिली. साठीची, काटक, बोलायला कमी. मूळ धंदा सुईणीचा. अर्ध्या गावाची नाळ तिच्या हातची आहे. सकाळी येऊन स्वयंपाक करते, पाणी भरते, माझं सगळं करते. ‘सगळं’ लिहिताना लाज वाटते, पण आणखी महिनाच तर आहे.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती जमीन सारवणार. आज पाहिलं. खाटेपासून सुरुवात करून, पोतेरं फिरवत, मागे मागे सरकत ती दारापर्यंत गेली आणि बाहेर पडली. जमीन वाळेपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही, असा तिचा कडक नियम आहे. ती चारला परत येते. तोवर मी खाटेवर, चारही बाजूंना ओलं शेण. बेटावर राहिल्यासारखं वाटलं. मजा आली.

कोनाड्यातली बाटली मात्र तिला खटकली. इंजेक्शनची रिकामी बाटली आहे, तिच्यात स्पिरिट आणि त्यात माझं कापलेलं हाड, चिंचोक्याएवढं. कंपाउंडरकडून हट्टानं मागून आणलं. आठवीच्या मुलांना दाखवीन म्हणते.

२२ मे, मंगळवार

बाटलीवरून आज रंभाबाईनं असहकार पुकारला. त्या कोनाड्याकडे तोंड करून ती चूल पेटवीना. मी कॅल्शियम, फॉस्फरस वगैरे समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली,

"बाई, आंगाचं कापलेलं घरात नाही ठेवत."

भुकेपुढे विज्ञान हरलं. दिली बाटली. संध्याकाळी विचारलं, कुठे टाकलीस. टाकली नाही, पुरली, म्हणाली. हाड काढून मातीच्या बोळक्यात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, मूठभर धान टाकलं आणि उंबरठ्याखाली पुरलं. मी हसले. म्हटलं, अगं, हे तर नाळेसारखं झालं. तर म्हणाली, माझ्या हाताला पुरायची तीच रीत ठाऊक आहे. नाळ घरात पुरली की जीव घराला धरून राहतो आणि वाढीला लागतो. माझं हाड वाढीला लागलं तर पुन्हा ऑपरेशनचा खर्च कोण देणार, असं मी विचारलं. तीही हसली.

२५ मे, शुक्रवार

सारवण वाळलं तेव्हा उंबरठ्याच्या आत एक पाऊल उमटलेलं. तान्ह्या बाळाचं, उजवं. मला वाटलं शेजारचं कोणी रांगत आलं. रंभाबाई म्हणाली, या वळणाला तान्हं कोणाकडेच नाही. तिच्या हाती फूटपट्टी देऊन मापायला लावलं. तीन इंच. आणि अंगठ्याच्या मुळाशी कडेला फुगवटा होता. बाळाच्या पायाला तो नसतो. तिनं ओलं पोतेरं फिरवून ते पुसलं.

पायाची सूज ओसरते आहे. प्लास्टर सैल लागतं.

२९ मे, मंगळवार

आज दोन. दोन्ही उजवीच, एकापुढे एक, लंगडी घातल्यासारखी. साडेचार इंच. फुगवटा स्पष्ट. तो मी ओळखते. पंधरा वर्षं रोज रात्री तेल लावून चोळलाय.

प्लास्टरच्या कडेतून दोन बोटं सहज आत जातात. इतकी सूज होती का मला?

१ जून, शुक्रवार

आज ठरवून डोळा लागू दिला नाही. दुपारी दीडच्या सुमाराला, लख्ख उजेडात, दार समोर उघडं, बाहेर चिटपाखरू नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत सारवण दबलं. कणकेवर अंगठा दाबावा तसं, आधी टाच, मग चवडा, मग पाच बोटं. वर काही नव्हतं. नुसती हवा. मग पुढचं पाऊल, मग तिसरं. तिसरं खोलीच्या मध्यावर आहे. सहा इंच.

मी घाबरले आहे. एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते आणि मला घाबरल्याचं लिहावं लागतंय.

२ जून, शनिवार

रंभाबाईला उंबरठा उकरायला लावला. बोळकं जसंच्या तसं होतं. त्यातल्या धानाला बोटभर कोंब आलेले, पाण्याचा थेंब नसताना. हाड नव्हतं. तिनं बोळक्यात पुन्हा बोटं फिरवून पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"म्या नाळेवानी पुरलं जी. ते जलमलं."

आजपासून सारवण बंद, असं मी तिला बजावलं. पाऊल उमटायला ओली जमीनच ठेवायची नाही. तिनं मान डोलावली.

८ जून, शुक्रवार

आठवडा झाला, सारवण नाही, पाऊल नाही. जमीन सुकून भेगाळली आहे. दोन दिवस बरं वाटलं. मधुकररावांना पत्रही लिहिलं की सव्वीसला नक्की हजर होते.

आता मात्र कळतंय की चूक केली. पावलं दिसत होती तोवर ते कुठवर आलंय एवढं तरी ठाऊक होतं. आता ते कुठेही असेल.

आज सकाळी प्लास्टरच्या टोकाकडे पाहिलं. नखं दिसली नाहीत. आत अंधार होता. बोट घातलं तर कुठे आतवर, पेरभर खाली, करंगळी लागली. पाय आत सरकलाय. एवढ्याला सूज ओसरल्याचं कारण पुरतं का? नाही पुरत.

१२ जून, मंगळवार

रंभाबाई आली ती रागावूनच. सकाळी तुम्ही बोडीच्या पाळीवर कायले फिरत होता, अनवाणी, डॉक्टरानं नाही म्हटलं ना, असं म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी इथून हलले नाही, हे बघ प्लास्टर. तिनं प्लास्टर पाहिलं. मला पाहिलं. मग दाराशी जाऊन बाहेर पाहत उभी राहिली.

ती बाई कशी चालत होती, एवढं विचारलं. सरळ, म्हणाली. अगदी सरळ.

१५ जून, शुक्रवार

मीच सारवायला सांगितलं. कळू तर दे.

जमीन ओली झाली आणि लगेच उमटलं, रंभाबाई दाराबाहेर पडायच्या आत. खाटेला लागूनच होतं ते. इतके दिवस इथेच उभं होतं, माझ्या उशाशी. आणि आता दोन पावलं आहेत, डावं आणि उजवं, दाराकडे तोंड करून. रंभाबाईनं मापलं. सव्वानऊ इंच. माझा पाय सव्वानऊ इंच. फुगवटा नाही. अंगठा सरळ, देखणा. डॉक्टरांनी मला कबूल केला होता तो पाय.

माझा डावा पायही आज खाटेच्या पायथ्याच्या दांडीपर्यंत पोचत नाही. पूर्वी बाहेर यायचा.

२० जून, बुधवार

प्लास्टर काढायला तुमसरला जायचं होतं. गाडी आली नाही. रंभाबाईला पाठवलं. ताराचंद म्हणाले म्हणे, बाई सकाळीच गेल्या, प्लास्टर काढून स्टँडवरून पायी आल्या, माझ्याशी बोलल्या.

कापायची गरजच पडली नाही. कूस बदलली तर प्लास्टर आपसूक निघून खाली पडलं. आत —

तीन इंच असेल. गुलाबी. नखं तांदळाच्या कणीएवढी.

नंतर ताराचंद खिडकीखालून जात होते. जीव तोडून हाका मारल्या. ते थांबले. वर पाहून त्यांनी रंभाबाईला विचारलं, कोणाचं तान्हं रडते हे?

तिनं खिडकी लावून घेतली.

२२ जून, शुक्रवार

निळी साडी ट्रंकेत नाही. चष्माही. चष्म्याशिवाय लिहिते आहे — अक्षर मोठं काढावं लागतं.

रंभाबाई आता भात दोन ताटांत वाढते. एक इथे, एक ओसरीवर. माझ्या ताटात मऊ, कुसकरून. चमच्यानं भरवते. मी भाऊ, गोंदिया, तार कर, असं पुन्हा पुन्हा म्हणते. ती थोपटते. तिला ऐकू येतं की नाही —

ओसरी. भावाची ओसरी चालेल मला आता. कुठलीही चालेल.

२५ जून

ओसरीवर कोणी धडा वाचतं. माझ्या आवाजात. माणसाला हाडं किती असतात ते. दोनशे सहा. मीही असंच शिकवते, सहावर जरा थांबून.

ती आत येत नाही. घाई नाही तिला.

२६ जून

घंटा झाली. इथे ऐकू येते.

मधुकररावांचा आवाज वाऱ्यावर आला — या बाई, वेळेवर आलात. आणि मी म्हणाले, पाय अगदी बरा झाला सर. मी नाही. ती.

सही केली असेल तिनं. माझी सही.

उशी केवढी मोठी —

२७

आली. दारात उभी. पाय सुंदर आहेत. मला तसेच हवे होते.

रंभाबाईजवळ नवं बोळकं. हळद कालवते. डोळ्यांतून पाणी गळतंय पण हात थांबत नाही. हाताला एकच रीत —

ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, माझ्याच आवाजात, मास्तरणीसारखं, शांत,

"अंगाचं कापलेलं घरात ठेवत नाहीत, रंभाबाई. आणि या खेपेला उंबरठ्याखाली नको. बोडीत टाक."

पेन दोन्ही हातांनी धरलंय. हळद गार लागते. मी बोलते आहे, मी सगळं सांगते आहे, माझं नाव चंद्रकांता, मी आठवीला विज्ञान — आणि रंभाबाई म्हणते उगी, उगी, आणि मला उच