संशयितांचा रकाना

मंगळवार, १९ मार्च १९७४

प्रिय नंदा,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. आलं त्या दिवशी दोनदा वाचलं आणि रडले. माझ्या बापाला पोलिसांनी नेलं तेव्हापासून गावातल्या कुणी आमच्या दाराशी येऊन दोन शब्द विचारले नव्हते, आणि तू तिकडे अंतरवाली सराटीहून एवढं चार पानी पत्र लिहिलंस. बाळाला खालचे दोन दात आले, सासूबाईंचे गुडघे धरले, यंदा कापूस बरा निघाला, आणि शेवटी माझ्या वडलांचं कानावर आलं, फार वाईट वाटलं, धीर धर. आज सकाळी तेच पत्र पुन्हा काढून वाचलं. या खेपेला रडू आलं नाही. का आलं नाही ते सांगते. पण त्याआधी बाकीचं सांगावं लागेल, कारण तुझ्या शिवाजीदादानं जेवढं सांगितलं असेल तेवढंच तुला ठाऊक असणार.

चांगुणाबाई तुला आठवत असेल. आमच्या शेजारची, शाळेतून येताना आपल्या दोघींच्या ओच्यात बोरं टाकायची ती. गेल्या ऑगस्टमध्ये दिवेलागणीला ती नाल्याकडे परसाकडला गेली होती. तिथं कुणीतरी तिला पाडलं आणि गळ्यातली पोत तोडून नेली. आणखी काय झालं ते तिनं फक्त माझ्या आईला सांगितलं, आणि आईनं ते मला सांगितलं नाही. दुष्काळापासून चोऱ्या वाढल्याच होत्या. आमच्या वस्तीतल्या शेळ्या जायच्या, तुमच्याकडच्या खळ्यावरचं धान्य जायचं. पण नाल्याच्या वाटेवर दिवा पाहिजे हे चांगुणाबाईमुळे माझ्या डोक्यात आलं. मी चालवते त्या बालवाडीची तपासणी करायला येणाऱ्या बाईंकडून कळलं, की गाव राखायला दल उभं केलं तर तालुक्यातून अनुदान मिळतं. मी त्याच दिवशी अर्ज लिहायला बसले. नाल्याच्या वाटेला तीन खांब आणि तीन कंदील, चार शिट्ट्या, आणि फेरी मारायला चार माणसं: दोन गावातली, दोन वस्तीतली. दिवे लागल्यापासून लोकांची जेवणं होईपर्यंत त्यांनी फिरावं. लाठी हा शब्द माझ्या अर्जात कुठंच नव्हता.

सरपंचाची सही पाहिजे म्हणून तुझ्या आबांकडे गेले. ते ओसरीवर बसले होते, मी खाली उभी. चष्मा लावून त्यांनी अर्ज सगळा वाचला आणि म्हणाले, "आगं उषे, हे तर वकिलावानी लिहिलंय तू. गावात असं लिहिणारं दुसरं कुणी न्हाई." नंदा, मला इतका आनंद झाला! तू आठवीतून शाळा सोडलीस तेव्हा तुझी सगळी पुस्तकं मला दिलीस. त्यांवरचं तुझं नाव खोडून माझं घालायला मला जिवावर आलं, म्हणून तसंच राहू दिलं, आणि केदारखेड्याचे नवे मास्तर वर्षभर मला नंदा म्हणून हाक मारायचे. त्या पुस्तकांवर मी आठवी काढली आणि पुढे मॅट्रिक झाले. आबांनी अर्जाचं कौतुक केलं तेव्हा वाटलं, चला, शिकल्याचं काहीतरी गावाच्या कामी आलं. आता तो आनंद आठवला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

तालुक्याच्या कचेरीत मी चार वेळा गेले. कारकुनानं पहिल्याच दिवशी विचारलं, गावात गुन्हे किती, ठाण्यात नोंद किती? मी म्हटलं, नोंद कुणी केलीच नाही. तो म्हणाला, "नोंद न्हाई म्हंजी गुन्हा न्हाई. मंग अनुदान कशाला पाह्यजे?" शेवटी त्यानंच एक छापील तक्ता दिला. तारीख, काय गेलं, कुठून गेलं, आणि शेवटचा रकाना संशयितांचा. तो भरायला मी पंधरा दिवस दारोदार फिरले. वस्तीत फिरले, गावातही फिरले. तुमच्या आळीत बायका उंबऱ्याआडून सांगायच्या आणि मी अंगणात उकिडवी बसून लिहून घ्यायची. कोंबड्यांपासून बैलाच्या घुंगरमाळेपर्यंत सगळं लिहिलं. फक्त चांगुणाबाईचं लिहिलं नाही. ती म्हणाली, "पोरी, माझं नाव कागदावर घालू नको." जिच्यासाठी हे सगळं सुरू झालं ती त्या तक्त्यात नाहीच. आणि शेवटचा रकाना मी खालपर्यंत कोरा ठेवला, कारण कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. ग्रामपंचायतीचा ठराव आणि शिक्का जोडायचा होता म्हणून तो कागद मी शिवाजीदादाच्या हातात दिला. तिथून पुढे तो तक्ता मला दिसला नाही.

दिवाळीत अनुदान मंजूर झालं. मी बालवाडीतल्या पोरांना गूळ वाटला. मग सामान आलं. बारा लाठ्या, चार बॅटऱ्या, खाकी टोप्या आणि दोन दिवे. एक दिवा तुमच्या दारापुढं लागला, एक चावडीपुढं. दलात बारा माणसं घेतली, वस्तीतलं एकही नाही, आणि शिवाजीदादा त्यांचा प्रमुख. मी धीर करून त्याला विचारलं, नाल्याच्या वाटेचं काय? तो हसून म्हणाला, "तिकडं दिवा लावला तर तुमचेच लोक फोडतील. आन् आम्ही रोज चक्कर मारूनच राह्यलो की वस्तीत." ते मात्र खरं होतं. रोज चक्कर असायची. घरात कोण आहे, कोण नाही, नाही तर कुठं गेला, हे भांडं कुठून आणलं? कामावरून उशिरा येणाऱ्या गड्याला अडवून त्याची भाकरीची फडकी सोडायला लावायचे. चांगुणाबाई आता ऊन असतानाच नाल्याकडे जाऊन येते. अंधारात गेलं की दलाच्या बॅटऱ्या बायकांवर पडतात. तुला हे ऐकायला बरं वाटणार नाही. मलाही लिहायला बरं वाटत नाही, तो तुझा सख्खा भाऊ आहे, आणि लहानपणी आपल्या दोघींना त्यानं पोहायला शिकवलं होतं.

बाळाचं जावळ आटपून तू सासरी निघालीस तो अकरा फेब्रुवारीचा सोमवार. त्याच दिवशी तालुक्याचे साहेब दल बघायला येणार होते, म्हणून शिवाजीदादाला तुला पोचवायला सवड नव्हती. आबांनी माझ्या बापाला सांगितलं, "रामकिसन, गाडी जुंप आन् नंदीला केदारखेड्याच्या फाट्यावर एसटीत बसवून दे." दल साहेबांसमोर कवायत करत होतं, आणि इकडे कारभारी पाटलांच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन गेलं. चार वाजता त्यांनी ते स्वतः बंद केलं होतं, दिवेलागणीला जाऊन बघतात तर जागा रिकामी. इंजिन काही खांद्यावरून नेता येत नाही, गाडीच लागते. आणि माझा बाप रिकामी गाडी घेऊन, लोकांची निजानीज झाल्यावर गावात शिरला. वेशीतच धरला त्याला. त्यानं गाडी आबांची आहे, आबांनीच धाडलं होतं म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. बारा लाठ्या होत्या, नंदा. उजवा हात कोपराखाली मोडला. सकाळी आबा म्हणाले, "मी दुपारच्या एसटीला धाडलं व्हतं. दोनची एसटी. तो चार-पाचला परत यायला पाह्यजे व्हता. मधल्या वेळात काय केलं ते मला कसं ठाऊक?" साहेबांनी म्हणे तालुक्याला कळवलं, की या गावच्या दलानं पहिल्याच हंगामात चोर धरला.

मी ठाण्यात गेले. रडले नाही, मोठ्यानं बोलले, की माझ्या बापावर कशावरून संशय घेता? जमादारांनी फायलीतून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. माझा तक्ता. माझं अक्षर, एकेक ओळ मी अंगणात बसून लिहिलेली. आणि शेवटच्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत, निळ्या शाईनं दुसऱ्याच हातानं लिहिलेलं: वस्तीतील भूमिहीन लोक. वस्तीतील भूमिहीन लोक. आमच्या वस्तीतून गेलेल्या शेळ्यांपुढंसुद्धा तेच. जमादार म्हणाले, "बाई, तुमीच तर लिहून दिलंय." मी सांगितलं, ही शाई माझी नाही. ते म्हणाले, खाली सही कुणाची आहे? सही माझी होती.

जामीन राहायला सातबारावाला माणूस लागतो. आमच्या वस्तीत कुणाच्या नावावर सातबारा नाही. मी गावात सहा घरी गेले. तुमच्या घरी सुद्धा. तुझ्या आईनं दार लोटून घेतलं, पण लोटताना तिचे डोळे भरलेले होते, हे मी मुद्दाम लिहिते. त्यामुळे बाप सव्वा महिना जेलात आहे. इंजिनाचा पत्ता नाही, पण त्यानं ते नेलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. बालवाडीत गावातल्या बायका पोरं पाठवत नाहीत. चोराच्या पोरीकडं कशाला, म्हणतात. आणि वस्तीतले लोकही माझ्याशी तुटक वागतात. हे दल आपल्या अंगावर उषीनंच आणलं, असं म्हणतात. त्यांना मी काय उत्तर देऊ? आणलंच आहे.

परवा रविवारी जेलात भेट मिळाली. बापाचा हात वाकडा जुळलाय. मी नेहमीसारखं विचारलं, बाबा, तुम्ही त्या दिवशी एवढा उशीर कुठं होता? आजवर तो नुसता म्हणायचा, बैल दमले होते. परवा इकडं तिकडं बघून त्यानं सांगितलं. दोनची एसटी आलीच नाही. तू आणि तान्हं लेकरू फाट्यावर, दुसरं कुणी नाही. त्यानं तुला सावली व्हावी म्हणून गाडी उभी केली, लेकराच्या दुधाला विहिरीवरून पाणी आणलं, आणि आपण लांब रस्त्याच्या पलीकडं बसून राहिला. एसटी आली तेव्हा तिचे दिवे लागलेले होते. मी म्हटलं, बाबा, हे कोर्टात सांगा ना! तर तो माझ्यावर चिडला. "नंदीचं नाव घिऊ नको. सासुरवाशीण हाय ती. अंधार पडंस्तोर माझ्यासंगं फाट्यावर व्हती म्हणलं तर लोक काय काय बोलतील. माझं काय, चार-सहा महिने जातील." त्यानं मला शपथ घातली. हे कुणाला सांगायचं नाही, तुला तर नाहीच. म्हणून आज सकाळी मी तुझं पत्र पुन्हा काढलं. मनाला सांगून पाहिलं, की तुला बिचारीला दिवसच ठाऊक नसेल. पण तिसऱ्या पानावर तुझ्याच अक्षरात आहे: 'मी निघाले नेमकं त्याच दिवशी असं व्हावं.' म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. तू दात लिहिलेस, गुडघे लिहिलेस, कापूस लिहिलास.

बापाची शपथ मोडून हे पत्र लिहिते आहे. चार एप्रिलला, गुरुवारी, तालुक्याच्या कोर्टात तारीख आहे. वकील म्हणाले, साक्षीदार पाहिजे, आणि तो तुमच्या वस्तीतला नको. तू ये. सकाळी दहाला कोर्टाच्या आवारात मी उभी असेन. दोन वाक्यं बोलायची आहेत: एसटी दिवेलागणीनंतर आली, आणि तोवर रामकिसन फाट्यावरच होता. समोर आबा बसलेले असतील, शिवाजीदादा असेल, तुझ्या सासरचंही कुणी असेल. त्यांच्याकडे न बघता बोलावं लागेल, आणि त्यानंतर माहेर तुला कदाचित बंद होईल. हे मला कळतं. कळूनच मागते आहे, कारण ज्या माणसानं तुझं नाव निघू नये म्हणून हात मोडलेला असताना तोंड मिटून घेतलं, त्याच्यासाठी मागते आहे. येणार नसशील तर मात्र पत्र पाठवू नकोस. धीर धर असं तर लिहूच नकोस. पोस्टमन वस्तीत शिरला की आईला वाटतं, बाप सुटल्याचा कागद आला, आणि ती हातातलं काम टाकून रस्त्यापर्यंत पळत जाते.

अजून तरी तुझीच,
उषा