जळालेलं कार्ड

दादा,

प्रिय लिहायला पेन टेकवला होता, पण हात वळला न्हाय. तेव्हा नुसतंच दादा. चालवून घे.

तुला जाऊन वर्ष झालं, काल तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले, पिंपळीची मावशी आली, तुझ्या ऑफिसातली मित्रमंडळी आली. त्रिसरण झालं, खीर झाली, आन् मग सगळ्यांनी तुझं कौतुक सुरू केलं. किती हुशार, किती सरळ, भवानीनगरच्या कॉलनीत पहिला कॉम्प्युटर आणणारा! मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आन् आतल्या आत उकळत होते. म्हणून आज लिहायला बसले. काल मी तुझ्यावर सूड उगवला, दादा. तुझ्याच फोटोसमोर.

आठवतं का, तू पुण्याहून दुसरा मॉनिटर आणलास तो दिवस? जुना, पिवळा पडलेला, पण काय मिरवलंस त्याला! ऑफिस सुटल्यावर लोकांच्या पत्रिका करून द्यायचास ना. "एका पडद्यावर अख्खी लग्नपत्रिका, दुसऱ्यावर तीच मोठ्ठी करून. सारखं खालीवर सरकवायला नको." आई म्हणाली, "एक हाय की चांगला. दुसरा टीव्ही कशाला?" तू पोट धरून हसलास. त्या मॉनिटरसाठी मशीनमध्ये बसवायचं वेगळं कार्डसुद्धा आणलं होतंस, हिरवी पट्टी. मॉनिटर दोन तर कार्डं दोन, एवढं मलाही ठाऊक होतं. बारामतीच्या क्लासला जात होते ना मी तेव्हा!

कार्ड बसवलंस, पण दुसरा पडदा काळा तो काळाच. रोज ऑफिसातनं आलास की झटापट सुरू. मी दारात उभी राहून म्हणलं, "दादा, तुझं विंडोज पंचाण्णव हाय. त्यात दोन पडदे चालत न्हाईत. अठ्ठ्याण्णव टाकावं लागंल, आमचे सर सांगत होते."

बास! केवढा अंगावर आलास! "चार दिवस क्लासला काय गेली, मला शिकवायला लागली! लांब हो. हात लावायचा न्हाय."

न्हाय लावला हात. तुझी शपथ, बोटसुद्धा न्हाय लावलं.

पण तू मित्रांना आधीच सांगून बसला होतास, रविवारी या, दोन पडद्यांची गंमत दाखवतो. ते आले. मी चहाचा ट्रे घेऊन आत आले तर तू त्यांना सांगत होतास, "काय सांगायचं राव, सगळं जमलं होतं. आमच्या वंदीनं मागनं हात घातला आन् कार्ड जाळून ठेवलं."

माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाईस. कप उचललास आन् फुंकर मारलीस.

तुला काय, तुझी अब्रू वाचली. माझं काय झालं ते बघितलंस का रं? आप्पांनी माझा क्लास बंद केला. "घरातलं जाळलं, आता क्लासातलं जाळंल, मग भरून कोण द्यायचं?" तू तिथंच जेवत होतास. एक शब्द काढला असतास तर भागलं असतं. उलट नाव पाडलंस, कार्डजाळी! पाहुणे आले की, "ही आमची कार्डजाळी." सगळी कॉलनी म्हणायला लागली. इंदापूरचे लोक मला बघायला आले, त्यांतल्या एका बाईनं चहा घेता घेता विचारलं, "हीच व्हय ती?"

आणि तो मॉनिटर? आईनं कपाटावर ठेवून दिला, वर क्रोशाचा रुमाल टाकला, त्यावर प्लॅस्टिकची फुलं. येताजाता ती फुलं दिसायची आन् माझ्या डोक्यात तिडीक जायची.

मग एका रात्री रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी आदळली आन् तू गेलास. मागं दिवा न्हाय, काय न्हाय. रडले मी. लई रडले, खोटं कशाला बोलू? पण रडताना सुद्धा मनात एकच, आता हा खरं कधी सांगणार?

तू न्हाय सांगितलंस. तुझ्या कपाटानं सांगितलं.

मागच्या महिन्यात वहिनी तुझे कपडे आवरत होती. हाक मारली, "वन्सं, ह्ये काय घावलं बघा." पँटांच्या मागं, नव्याकोऱ्या रुमालात गुंडाळलेलं कार्ड! हिरवी पट्टी चकचकीत, कुठं डाग न्हाय. सांग मला, जळालेलं कार्ड कुणी असं जपून ठेवतं का? तुला ठाऊक होतं. रोज ताटावर माझ्यासमोर बसत होतास आन् तुला ठाऊक होतं!

मी तिथंच ठरवलं. आप्पा पुण्यानुमोदनानंतर कॉम्प्युटर पिंपळीच्या मावशीच्या पोराला देऊन टाकणार होते. "घरात कोण हाय वापरणारं? एक हाय ती जाळती." त्याच्या आत मला हे कार्ड चालवून दाखवायचं होतं. न्हायतर मशीनही गेली असती आन् मी जन्मभर कार्डजाळीच राहिले असते.

क्लासच्या सरांकडनं अठ्ठ्याण्णवची सीडी आणली. आप्पा ड्यूटीवर गेले की त्यांचाच स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा आन् बसायचं. वहिनी दारात राखण. कार्ड बसवलं, क्रोशा उचलला, मॉनिटर खाली घेतला. सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसले, एक आन् दोन. दोनवर क्लिक केलं तर मशीनच विचारायला लागली, डेस्कटॉप ह्याच्यावर पसरू का? पसर बाई, म्हणलं, तुझीच वाट बघत होते! आन् पिवळा मॉनिटर उजळला, दादा. एवढंच होतं ते.

मग बाण भलतीकडंच पळायला लागला. मॉनिटर ठेवलाय डावीकडं आन् बाण उजव्या कडेनं बाहेर! तो दोनचा चौकोन ओढून एकच्या डावीकडं नेला, तेव्हा सरळ झाला. दोन्ही पडदे चिकटून ठेवले तर चित्रं थरथरायला लागली, तुझं माझं एका खोलीत पटत नव्हतं तसं. वीतभर लांब केले, गप्प बसले. शेवटी वायरी बदलून तुझा लाडका पहिला चौदा इंची मॉनिटर दोन नंबरवर टाकला आन् क्रोशावाला एक नंबरवर. मुद्दाम केलं. ह्या घरात तू कधी दोन नंबर झालाच नव्हतास.

काल जेवणं झाली. आप्पा मावशीला म्हणाले, "जाताना कॉम्प्युटर न्या." मी म्हणलं, "आप्पा, नेऊ द्या की. पण आधी चालतोय का बघू तर द्या."

बटण दाबलं. दोन्ही पडदे लागले. कालच्या कार्यक्रमाचीच पत्रिका उघडली. सगळ्यांना वाटत होतं ती बारामतीच्या प्रेसवाल्यानं बनवली. मी बनवली होती, ह्या टेबलावर. माउसनं धरून ती ह्या पडद्यावरनं त्या पडद्यावर ओढत नेली. तुझं नाव अर्धं इकडं, अर्धं तिकडं. 

"कार्ड नवं आणलंस?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय. जळालेलंच घातलंय."

आप्पा कारखान्यात फिटर. मशीन बंद करायला लावली, कार्ड स्वतः उपसून काढलं, उजेडात धरलं, दोन्ही बाजू बघितल्या. मग नाकाला लावलं. जळालेली मोटर ते वासावरनं ओळखतात, तुला ठाऊकच हाय. बराच वेळ नाकापाशी धरून बसले.

"मंग त्यो तसं का म्हणला?"

उत्तर वहिनीनं दिलं. "ह्यांच्याच कपाटात होतं, मामंजी. नव्या रुमालात."

त्या रविवारी चहा पिऊन गेलेले तुझे मित्र समोरच होते. सगळ्यांच्या माना खाली. आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "गेलेल्याचं कशाला उकरतीस गं?"

"त्यानं जित्या माणसाला पुरलं होतं आई. तेवढंच उकरलं."

आप्पांनी कार्ड माझ्या हातात दिलं. चुकलं म्हणाले न्हाईत, म्हणणारबी न्हाईत. मावशीला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मशीन हितंच." आन् चपला घालता घालता मला, "तुझा क्लास किती वाजता असतो?"

बरं वाटलं का, म्हणशील. वाटलं! लई बरं वाटलं! मग तुझ्याकडं बघितलं तर तू आपला फोटोत हसतोयस. भांडायला समोर न्हाईस, ही तुझी शेवटची लबाडी. एकदा म्हणला असतास ना, "वंदे, मला जमत न्हाय, ये बस," तर शेजारी बसून केलं असतं रे आपण. मित्रांना सांगितलं असतं, दादानंच केलं. खुशीनं सांगितलं असतं.

माफ केलेलं न्हाय. वाट बघू नको. पण एक शब्द देते, ह्या घरात "हात लावू नको" असं आता कुणी कुणाला म्हणणार न्हाय. मशीनला पदर लागंल म्हणून तू जिला दारातच उभी करायचास, ती वहिनी आज सकाळी तुझ्या खुर्चीत बसली. मीच बसवली. माउसपर्यंत हात नेला आन् थांबली.

"वन्सं, जळणार न्हाय ना?"

"जळलं तर माझं नाव सांग," मी म्हणलं. "मला सवय हाय."

तुझी,
कार्डजाळी