प्रोसेसरला लावलेली खळ

३ एप्रिल
आले एकदाची सोलापुरात! भवानी पेठेत, मल्लेश शेठच्या टॉवेल कारखान्यात डिझाइनर म्हणून. माझ्या हातचं मोराचं डिझाइन पाहून शेठ म्हणाले, अंकिताचा हात लई चांगला हाय. महिनाभर काम बघू, मग पक्की नोकरी. घरी वळसंगला आबा नाक मुरडत होते, आता बघा म्हणावं! कारखान्यातच राहायला-कामाला एक खोली, छान, खिडकीत कडुलिंब. फक्त कॉम्प्युटर इतका मंद, की एक मोर उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. आणि जिकडेतिकडे सुताचे तंतू. शी! आल्या आल्या टेबल पुसून काढलं.

५ एप्रिल
प्रोसेसरचा वेग वाढवला. एक पायरी चढवायची, चाचणी घ्यायची, मग पुढची. व्होल्टेज अगदी चिमूटभर. मेमरीचाही वेग चढवला. मोर आता चुटकीसरशी उघडतो. शेठ खूश. पण प्रोसेसर नव्वद अंशांवर तापतोय.

६ एप्रिल
सीपीयूचा डबा उघडला. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे ओढून नेणारी पेस्ट वाळून खपलीसारखी झालेली, तिच्यात तंतू आणि पालीची शेपटी. नाक दाबून सगळं खरवडलं. नवी पेस्ट आणावी, तर दुकान बंद आणि ऑर्डर उद्याची. शेठच्या आई, हेमावतीअम्मा, भांडं घेऊन आल्या. त्यात खळ, सूत ताठ करायची मैद्याची पातळ लापशी. मागाच्या सुताला आमी हेच लावतो, म्हणाल्या, चालतंय त्याला खायाला लागतंय की! मला हसू आलं. बोटानंच लावून टाकली. तापमान थेट सदतीस!

८ एप्रिल
वेग आणखी वाढवला. सदतीसच. व्होल्टेज वाढवलं. तरी सदतीस, माणसाच्या अंगाइतकं. खोलीत आंबट वास, ओकल्यासारखा. बाहेर ऊन भाजतंय आणि माझी उजवी बोटं मात्र गारठलीत. अम्मांनी ती हातात घेऊन पाहिली. बोटानं लावलीस व्हय, म्हणाल्या. आमी कुंच्यानंच लावतो, बोटानं कधी न्हाय. बोटाची चव लागती त्याला. मग भांडं घासायला गेल्या.

१० एप्रिल
काल वेग मूळ जागी आणला होता. आज आपोआप चढलेला. डबा उघडला. शी, शी, शी! खळ फुगून बाहेर आलीय, ओली, गुलाबी. वर तंतू उभे. पुसायला गेले, तर फडक्याला नाही, माझ्या बोटाला चिकटली. आणि चोखलं. बोट चोखलं! दारात जाऊन भडाभडा ओकले.

११ एप्रिल
खरी पेस्ट आणली, पण लावू कशी? बोटांवर पांढरा थर. साबण, राख, रॉकेल — निघत नाही. नखाखालून तंतू येतायत. एक ओढला. कोपरापर्यंत कळ गेली. डाव्या हातानं लिहितेय.

१२ एप्रिल
प्लग काढला. पंखा फिरतोच. स्क्रीनवर मोर — मी काढलेला नाही. पण रेघ माझीच. शेठ म्हणाले, हात चांगला हाय. नोकरी पक्की.

१३ एप्रिल
मनगटापर्यंत खळ. गार. मला किळस येते माझ्याच — त्याला भूक लागली की हात आपणहून डब्यात जातो. अम्मांनी दाराला बाहेरून कडी घातलीय. फटीतून खळ लावायचा कुंचा सरकवला. आता? इतक्या उशिरा?

सदतीस.

डाव्या हातालाही आंबट वास — हे पान चिकटतंय — बोट सुटत ना